जातानाचं गाणं, येतानाचं गाणं

बस्त्यावकाका, तुमच्या शेवटच्या मिस्सेच्या वेळी मी एक घोळ घातला. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचं अख्खं भजनी मंडळ चर्चमध्ये आलं होतं. इस्त्रीचे सदरे घालून मागचे दोन बाक अडवून बसलं होतं. कधी उठायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, काही कळेना. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की बुवा करतील तसं करायचं. बुवा म्हणजे मी. तोंडवलीत ज्यांना खरंच गळा होता ते सगळे मुंबईला गेले, म्हणून मी बुवा झालो, हे तुम्हाला माहीत आहेच. मी स्वतः समोरच्या बाईंकडे बघून करत होतो. त्या बाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे त्या पहिल्यापासून बसूनच होत्या, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आमचे दोन बाक सगळ्या चर्चमध्ये एकटेच बसलेले होते.

ते एक वेळ चाललं असतं. पुढे फादर विनंत्या वाचू लागले. एक विनंती वाचायची, थांबायचं, मग लोकांनी उत्तर द्यायचं. "आमचा बंधू बस्त्याव याला तुझ्या घरी जागा दे," असं म्हणून फादर थांबले. त्या थांबण्यात काय होतं कोण जाणे, माझ्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं, "व्हय म्हाराजा." आणि बुवा करतील तसं करायचं ठरलेलं असल्यामुळे माझ्यामागोमाग दोन्ही बाक, टाळाच्या आवाजावर मात करायला कमावलेल्या गळ्यांनी, एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

फादर तरुण आहेत. पुढच्या विनंतीला त्यांनी आधीच माझ्याकडे बघून हात जरासा वर धरला, चौकातला पोलीस धरतो तसा. पहिल्या बाकावर तुमच्या फिलूकाकींचे खांदे हलताना दिसले. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

चूक माझी, पण मूळ तुमचं. देवळात घालतो ते गाऱ्हाणं आणि तुमची ती ब्लूज नावाची अमेरिकन गाणी यांची गाठ माझ्या डोक्यात तुम्हीच मारून दिली होती.

तुम्ही मुंबईच्या हॉटेलांमधून ट्रम्पेट वाजवायचं सोडून कायमचे गावी आलात, तेव्हा वाडीत तुमच्या वाद्याला सगळे पिपाणी म्हणायचे. मीही म्हणायचो. तुमच्या पडवीतला पंखा दुरुस्त करायला आलो होतो. माझं दुकान पंख्यांचंच, पण दुरुस्ती करताना मी पंख्यापेक्षा मालकाशीच जास्त बोलतो, अशी माझी ख्याती. तुम्ही मोबाईलवर काहीतरी लावलं होतं. कढईत बांगडे तळावेत तसा चरचराट, आणि त्याच्या आतून एक माणूस सर्दी झाल्यासारखा गात होता. मी म्हटलं, "काका, रेंज नाय वाटता."

"रेंज आसा. शंभर वर्षांपूर्वीचा गाणा आसा. इतक्या लांबसून येवचा म्हणजे वायच धूळ लागतलीच."

आतून फिलूकाकी म्हणाल्या, "माझ्या कढयेतल्या बांगड्यांक ह्याच्यापरास बरो सूर आसा."

मी विचारलं, हा म्हणतोय काय. तुम्ही सांगितलंत, त्याची बायको निघून गेली आहे. मी ऐकत राहिलो. थोड्या वेळाने म्हटलं, "ताच परत म्हणता मरे ह्यो."

"म्हणतलोच. गाऱ्हाणा कसा घालतास तुमी? एकदा सांगान देव आयकता? ह्यो पयल्यांदा सांगता, बायको गेली. मगे परत सांगता, बायको गेली. तिसऱ्या वेळेक सांगता, आता मी काय करतलंय ता. आनी आयक, मधी तो थांबता तेव्हा ट्रम्पेट काय म्हणता?"

मी कान दिला. माणूस थांबला की ट्रम्पेट दोन-चार सूर वाजवून त्याला साथ देत होतं. तुम्ही पंख्याखालच्या खुर्चीत मागे रेललात आणि म्हणालात, "व्हय म्हाराजा म्हणता."

त्या दिवसापासून मला ते तसंच ऐकू येतं. एक माणूस आपलं मागणं मांडतो, दुसरा हुंकार भरतो. म्हणून चर्चमध्ये फादर थांबले आणि माझा तोल गेला. फादरना हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते शांतपणे म्हणाले, "समजलं. पण पुढच्या वेळी मागच्या बाकावर बसा." मी म्हटलं, मागच्याच बाकावर बसलो होतो.

पंखा तुमचा काही नीट झाला नाही. मी मात्र येत राहिलो. दर रविवारी दुपारचं जेवण झालं की बाजाची पेटी स्कूटरवर पुढ्यात ठेवून तुमच्या पडवीत. माझी बायको सुनंदा म्हणायची, "एका पंख्याची इतकी वर्षां दुरुस्ती मी आयकूक नाय." मंडळात तर वेगळाच गोंधळ. बाळा मृदंगवाल्याने ब्लूज हा शब्द शेवटपर्यंत ब्लाऊज असाच म्हटला. "बुवा रविवारी ब्लाऊजची गाणी शिकतत," असं त्याने भर बाजारात सांगितल्यावर मला दोन दिवस दुकानात मान वर करता आली नाही.

तोवर तुमचे दात गेले होते. ट्रम्पेटवाल्याचे दात म्हणजे आमच्या मृदंगाची शाई, गेली की संपलं. कवळी लावून तुम्ही एकदा वाजवून बघितलंत, आणि वाद्याच्या आधी कवळी बोलली. त्यानंतर ट्रम्पेट भिंतीवर टांगलंत आणि माझ्या पेटीकडे वळलात. तुम्ही गुणगुणायचं, मी वाजवायचं. तुमचा सूर पक्का होता, पण मला तो पेटीत सापडायचा नाही. कोमल गंधार लावला की म्हणायचात, खाली गेला. शुद्ध लावला की म्हणायचात, वर गेला. मी म्हणायचो, "काका, दोघांच्या मधी पट्टीच नाय. मधलो सूर म्हणजे बेसूर."

"बेसूर नाय रे तो. बेघर आसा."

यावर आपण किती भांडलो. मी आमच्या शास्त्राचे दाखले द्यायचो, ते मला स्वतःलाही नीट माहीत नव्हते. शेवटी कंटाळून एकदा मी दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या, खरं तर रागाने. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "हां. आता शेजारी तरी इलो."

पण आपलं मोठं भांडण वेगळंच होतं, आणि ते तसंच राहिलं. मी म्हणायचो, काका, हीच दहा-पंधरा गाणी जन्मभर? ज्यांनी ती रचली ते समुद्रापलीकडचे, कापसाच्या शेतात गुलाम म्हणून राबलेल्यांची पोरंबाळं. त्यांचं दुःख त्यांचं. मालवणच्या किनाऱ्यावर बसून आपण ते कशाला उगाळायचं?

काकींनी काजूची उसळ आणून ठेवली होती. तुम्ही त्यातला एक काजू उचललात. "ह्यो खंयसून इलो?"

"झाडावरसून."

"झाड खंयसून इला, मेल्या? जहाजातसून. मिरची जहाजातसून. बटाटो जहाजातसून. आनी तुझी ही पेटी, जिच्यार तू इठ्ठलाक हाक मारतस, ती काय पंढरपुराक पिकली? जहाजातसून इला ता सगळा आपला झाला, मगे गाण्यान काय घोडा मारल्यान?"

हरलो असं मी कबूल केलं नाही. पुढच्या रविवारी नवा मुद्दा घेऊन आलो. म्हटलं, ठीक, आपलं म्हणू. पण तेच तेच? कंटाळा येत नाही? तुम्ही म्हणालात, दशावतारात कीचक मरणार हे तुला माहीत असतं ना? मग बघायला कशाला जातोस? मी म्हटलं, कीचक आज काय बोलतो ते ऐकायला. लिहिलेलं काही नसतंच, नट तिथल्या तिथे बोलतो. तुम्ही नुसते हसलात. कवळी काढून ठेवलेली होती, त्यामुळे ते हसणं जास्तच जिंकल्यासारखं दिसलं.

एक प्रश्न मात्र मी खरंच विचारला होता, भांडणासाठी नाही. आमच्या आईला जाऊन थोडेच दिवस झाले होते. मी म्हटलं, "काका, दुःखाचा गाणा गायल्यार दुःख कमी होता?"

तुम्ही समोरच्या सुरूच्या झाडांकडे बघितलंत. मग म्हणालात, "कमी नाय होणा. पन एकट्याचा रवणा नाय."

हे मला पटलं होतं, काका. त्याच दिवशी पटलं होतं. पण मी "बघूया" असं काहीतरी पुटपुटलो आणि पेटी उचलून निघालो. वादात पटल्याचं सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही मला ज्या पेचात टाकून गेलात, त्याचा हिशेब द्यायलाच मी लिहायला बसलो आहे.

तुम्हीच सांगितलं होतंत, की हे ट्रम्पेटचं संगीत समुद्रापलीकडे ज्या गावात वाढलं तिथे माणूस गेला की बँड लागतो. दफनाला नेताना संथ, पाय ओढत चालावं असं. आणि माती दिल्यावर परत येताना जलद, उड्या मारत यावं असं. तुमच्या बँडच्या म्होरक्याने ते तुम्हाला तरुणपणी सांगितलं आणि तुमच्या मनात ते बसलं. मला दोन्ही शिकवलीत. जातानाचं गाणं पूर्ण शिकवलंत, येतानाचं मी निम्मंच शिकलो, कारण जलद वाजवताना माझी बोटं एकमेकांना मान देतात, आधी तू जा म्हणतात.

"माझ्या वेळेक तसाच करूचा," तुम्ही म्हणालात. "जाताना ह्या, येताना ता."

म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं मी "हो, हो" म्हटलं. आतून काकींचा आवाज आला. "आनी माका कोण इचारतलो? मी दारात रडत बसतलंय आनी तुमी वाजत-गाजत येतलात? त्या गाण्यांनी माझो घोव जितेपणी नेलो तितको पुरे. मेल्यार तरी घरात गप येवंदे."

तुम्ही कुजबुजलात, "तू वाजव. ती आयकात."

काकी म्हणाल्या, "माका सगळा आयकाक येता."

हा विषय त्यानंतर कितीदा तरी निघाला आणि दर वेळी इथेच अडला. तुम्ही वर्षानुवर्षं हॉटेलात वाजवत होतात, तेव्हा काकी इथे एकट्या मुलांना वाढवत होत्या, कौलं शाकारून घेत होत्या. त्यांच्या लेखी ही गाणी म्हणजे सवत. तुम्हाला ते कळत होतं, म्हणून तुम्ही आवाज चढवला नाहीत. पण मागणंही सोडलं नाहीत. आणि मी दोघांच्या मध्ये, तुमच्या त्या बेघर सुरासारखा.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी काकींकडे गेलो. मुलं अजून वाटेत होती, तळेऱ्यावरून नुकताच फोन आला होता. काकी स्वयंपाकघरात पाटावर बसून होत्या. मी उगीच पंख्याकडे बघितलं. तो बंदच होता.

"काकी, ता वाजवण्याचा..."

"जातानाचा वाजव. त्येची हौस." मग बोट वर करून म्हणाल्या, "येतानाचा नाव काढूचा नाय. गप येवचा."

तेवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. तुमच्या दोघांच्या भांडणाचा निकाल मी एकट्याने काय लावणार? जिवंत माणसाचं ऐकायचं असं ठरवलं. वाईट वाटलं, पण ठरवलं.

फादरना विचारलं. ते म्हणाले, "चर्चच्या फाटकापर्यंत माझं चालतं. फाटकाबाहेरचा रस्ता ग्रामपंचायतीचा. काय वाजवणार?"

"एक जुनं गाणं."

"शब्द काय आहेत?"

"आहेत, पण मला येत नाहीत."

"मग मला काहीच अडचण नाही."

तेव्हा पेटी उपरण्याने गळ्यात बांधून मी फाटकापासून निघालो. तुम्ही पुढे, मी मागे, बाजूला बाळा मृदंग घेऊन. जातानाचं गाणं मी बरं वाजवलं, असं माझं मत. पेटी पोटाला लागत होती, वाटेत एक रिक्षा बाजूला थांबून राहिली. होमस्टेतले चार पाहुणे पोहून ओल्या कपड्यांनी येत होते, ते कडेला उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाने मोबाईल वर काढला, मग काय वाटलं कोण जाणे, खिशात ठेवला. त्यांना ना तुम्ही माहीत, ना गाणं. त्या सुरापाशी आलो की मी दोन्ही पट्ट्या दाबत होतो. बाळा माझ्या कानाशी म्हणाला, "बुवा, चुकतास." मी म्हटलं, "म्हायत आसा, वाजव."

माती दिली. मूठभर रेतीच ती, आपल्याकडची. मी पेटीचा भाता मिटला, खिट्टी लावली.

आणि परत निघालो ते गप्प. तुम्हाला सांगतो, इतकं वाईट चालणं मी कधी चाललो नव्हतो. सगळे खाली बघून. वाळूत चपला ओढल्याचा आवाज तेवढा. काकी सुनंदाचा हात धरून पुढे चालल्या होत्या. मला सारखं वाटत होतं, तुम्ही मागून बघताय आणि म्हणताय, मेल्या, निम्माच काम केलस.

तुमच्या घराकडे वळायच्या जरा अलीकडे काकी थांबल्या. मागे वळून मला म्हणाल्या, "पेटी बिघाडली काय रे?"

"नाय, काकी."

"मगे?"

"तुमीच म्हणालात ना, गप येवचा."

"मी त्येका म्हटलंय. इतकी वर्षां भांडाण माझा त्येच्यावांगडा होता. तो गेलो. आता मी कोणावांगडा भांडू?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग सोडला. "वाजव. घर जवळ इला."

मी खिट्टी काढली. गाणं निम्मंच येणारं. सुरू केलं. बाळाला दुसरं काही सुचलं नाही, त्याने गजराचा ठेका धरला. मागच्या मंडळाने सवयीने टाळ्या धरल्या. समुद्रापलीकडचं गाणं आणि तोंडवलीचा गजर, दोघं एकमेकांना धक्के देत चालले होते. फादर मागे होते, त्यांची पावलं ठेक्यात पडत होती, पण ते त्यांना कळलं नसावं.

वाजवताना मी मात्र घाबरून पळत सुटलो होतो. पेटीला श्वास लागत नाही. भाता हलवत राहिलं की ती वाजत राहते, थांबायचं कुठे ते तिला माहीत नसतं, मलाही नव्हतं. काकी माझ्या शेजारी येऊन चालू लागल्या. थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "हयसर थांब."

मी थांबलो.

"हयसर तो श्वास घेय. आता घे पुढे." पुन्हा चार पावलं. "हयसरय घेय. तू कित्याक धावतस?"

काका, त्यांना त्या गाण्याचा एक सूर गाऊन दाखवता आला नसता. त्या सूर सांगतच नव्हत्या. सुट्टीत गावी आलात की तुम्ही भिंतीपलीकडे सराव करायचात आणि त्या इकडे भाकऱ्या थापायच्या, तेव्हा त्यांच्या कानात तुमचा श्वास बसला होता. गाण्याला त्या सवत म्हणत राहिल्या, आणि सवतीच्या घरात तुम्ही कुठे कुठे थांबता ते सगळं लक्षात ठेवून होत्या. त्या "हयसर" म्हणत गेल्या, मी तिथे तिथे थांबत गेलो. जिथे थांबत होतो तिथे काहीच वाजत नव्हतं, आणि तिथेच तुम्ही होतात. मी निम्मंच शिकलो होतो, म्हणून ते निम्मंच आम्ही घरापर्यंत परत परत वाजवलं. दाराशी आलो तेव्हा काकी म्हणाल्या, "पुरे आता," आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.

तुम्ही जे मागितलंत ते झालं. नीट झालं नाही, पण झालं. आणि काकींचंही मन मोडलं नाही. एवढंच कळवायचं होतं. रविवार आला की अजून पेटीकडे हात जातो. गेल्या रविवारी गेलोही होतो. काकींनी काजूची उसळ केली होती. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, "लाव तो, सर्दी झाल्लो माणूस." मी लावलं. चरचराट सुरू झाला. त्या भाजी निवडत बसल्या, मधूनच मान हलवत होत्या. त्या माणसाची बायको अजून परत आलेली नाही.

तुम्हाला माती दिली त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो. सुनंदाने आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं. मी न्हाणीच्या दारात उभा राहून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरा झाला मा वाजवणा?"

तिने बंबाखालचं लाकूड आत सरकवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्या वेळेक जातानाचा नको," ती म्हणाली. "येतानाचा तेवढा वाजवा. आनी तवसर पुरा शिकान घेवा."